दीड तासाची शांतता ही जबाबदारी कुणाची?

जूनमध्ये शाळा उघडल्या आणि फेब्रुवारीत बोर्डाच्या परीक्षा जवळ आल्या की मुंबईत एक वाद हमखास सुरू होतो. एका बाजूने मुलांच्या अभ्यासाच्या कोपऱ्यांची छायाचित्रं फिरू लागतात. पांढरं टेबल, फिरती खुर्ची, भिंतीवर जगाचा नकाशा, रंगीत डबे, वर झुकलेला दिवा. दुसऱ्या बाजूने लगेच उत्तर येतं की आम्ही रस्त्यावरच्या दिव्याखाली शिकलो, आम्हाला कुणी टेबल दिलं होतं? पहिल्यांना वाटतं शांतता दुकानात विकत मिळते. दुसऱ्यांना वाटतं ती लागतच नाही. दोघं एकमेकांवर तुटून पडतात आणि माणसांनी भरलेल्या एका खोलीत मुलाने रोज वाचायचं कसं, हा या शहरातल्या असंख्य घरांचा प्रश्न जागच्या जागी राहतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. मुलाला अभ्यासासाठी शांतता लागते आणि ती चैन नाही. मुंबईतल्या बहुतेक घरांत ती वेगळ्या खोलीतून येणार नाही, कारण वेगळी खोलीच नाही. ती ठरलेल्या वेळेतून येईल, आणि ती वेळ पाळायची जबाबदारी घरातल्या मोठ्यांची आहे. ज्या घराला तेवढंही झेपत नाही, त्या घरातल्या मुलासाठी शांत जागा पुरवणं हे शहराचं काम आहे, जसं नळाला पाणी आणि रस्त्याला दिवे पुरवणं आहे तसंच.

आधी घरांची मापं पाहू, कारण या वादात ती कुणी काढत नाही. २०११च्या जनगणनेत मुंबईतल्या निम्म्याहून अधिक कुटुंबांचं घर एका खोलीचं होतं. ब्रिटिश काळात सरकारने बांधलेल्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. झोपडपट्टी पुनर्वसनात मिळणारं घर आधी २२५ चौरस फुटांचं होतं, मग २६९ झालं, आता ३०० आहे. या ३०० फुटांत ओटा, मोरी, संडास, कपाट, पलंग आणि चार-पाच माणसं. गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडसारख्या पुनर्वसन वसाहतींत दोन इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटरचं अंतर आहे. खालच्या मजल्यांवर दुपारीही दिवा लावावा लागतो. अशा घरातल्या आईला ‘मुलासाठी एक कोपरा राखून ठेवा’ असं सांगणाऱ्याने तो कोपरा बोट ठेवून दाखवावा. ज्या कोपऱ्यात दिवसा मिक्सर चालतो, त्याच कोपऱ्यात रात्री आजीचं अंथरूण पडतं.

कोपरा सजवणाऱ्यांच्या बाजूने एवढं मान्य करायला हवं की मुलाला बसायला एक नेहमीची जागा असली तर मन लवकर लागतं. रोज त्याच जागी, त्याच उजेडात बसलेल्या मुलाला ‘चल, बस आता’ असं दहादा सांगावं लागत नाही. पण त्या जागेला लागतं किती? भिंतीकडे तोंड, टीव्हीकडे पाठ, वहीवर हाताची सावली पडणार नाही असा उजेड, आणि वह्या-पुस्तकं-कंपास एकत्र राहतील अशी एखादी पेटी. मांडीवर पाट घेऊन बसलेल्या मुलाचंही एवढ्यावर भागतं. उलट सजावटीचा तोटाच होऊ शकतो. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली बालवर्गातल्या मुलांना एकदा तक्त्यांनी-चित्रांनी भरलेल्या वर्गात आणि एकदा रिकाम्या भिंतींच्या वर्गात शिकवून पाहिलं. भरलेल्या भिंतींच्या वर्गात मुलांचं लक्ष जास्त वेळा उडालं आणि ती कमी शिकली. महागडं टेबल घेणाऱ्या पालकांना मी नावं ठेवत नाही. मुलावरचं प्रेम म्हणूनच ते घेतलेलं असतं. पण त्या टेबलापासून चार हातांवर बाबा स्पीकर लावून फोनवर बोलत असतील, तर टेबलाचे पैसे फुकट गेले.

आता दुसऱ्या बाजूकडे येते. माझा खरा वाद तिच्याशी आहे, कारण ती बाजू आपल्या सगळ्यांच्या मनात घर करून बसली आहे. ‘जिद्द असली की जागा लागत नाही’ हे वाक्य सभांमधून, शाळांच्या स्नेहसंमेलनांमधून, दहावीच्या निकालानंतरच्या बातम्यांमधून आपण इतक्यांदा ऐकलेलं असतं की ते तपासून पाहायचं सुचत नाही. त्यात तथ्य आहे हे मी मान्य करते. गरिबीतून, गोंगाटातून, अंधारातून वर आलेली माणसं या शहराने शेकड्यांनी पाहिली आहेत. त्यांचं यश खरं आहे आणि ते सांगितलंच पाहिजे. अति जपलेली मुलं लहानशा अडचणीने बिचकतात, हेही खरं. परीक्षेच्या वर्गातही पंखा खडखडतो आणि बाहेर हॉर्न वाजतात. पण निकालानंतर ज्या मुलाचा फोटो छापून येतो तो दिसतो. त्याच चाळीतली, तितक्याच जिद्दीची जी मुलं गणितात मागे पडत पडत नववीला शाळेतून गळाली, त्यांचा फोटो कोण छापतो? पोहून काठाला लागलेल्यांकडे पाहून नदीला पूल नको म्हणायचं, असा हा युक्तिवाद आहे.

या बाजूचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. परळच्या चाळीतली एक खोली, त्यातच स्वयंपाक, त्यातच सगळ्यांची झोप, आणि रॉकेलच्या दिव्यावर अभ्यास करणारा भीम. हे उदाहरण देणाऱ्यांनी ते पुरतं वाचावं. रामजी सुभेदार मुलाला संध्याकाळी लवकर झोपवत, स्वतः जागे राहत, रात्री दोनला त्याला उठवत आणि मग स्वतः आडवे होत. खोली तीच, माणसं तीच. बापाने तास निवडला होता. घर झोपलेलं असतं, चाळ झोपलेली असते, असा तास शोधून त्याने तो मुलाला दिला आणि त्याची किंमत स्वतःच्या झोपेने चुकवली. ‘जागा नसतानाही शिकले’ असं म्हणून आपण हा बाप गोष्टीतून पुसून टाकतो.

आणि शाळा सुटल्यावर? भीम वाचायला चर्नी रोडच्या बागेत जाऊन बसे. तिथेच विल्सन हायस्कूलचे शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांची नजर त्या रोज वाचत बसणाऱ्या मुलावर पडली. १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर झालेल्या सत्काराच्या वेळी केळुसकरांनीच स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याला दिलं आणि पुढे सयाजीराव गायकवाडांपर्यंत त्याची वाट करून दिली. ती बाग सार्वजनिक होती. शहराने सर्वांसाठी मोकळी ठेवलेली जागा नसती, तर ही भेट कुठे झाली असती? पुढे परळच्या बीआयटी (बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या) चाळीत त्यांनी दोन खोल्या घेतल्या, तेव्हा एक अभ्यासासाठी ठेवली. दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधलं तेव्हा आधी ग्रंथांचा विचार केला. शांत जागेची किंमत ज्याला सगळ्यात जास्त कळली होती, त्याचंच नाव घेऊन ‘जागा लागत नाही’ म्हणणं मला पटत नाही. एकाच आयुष्यात घराने दिलेला तास, शहराने दिलेली बाग आणि पुढे स्वतः मिळवलेली खोली, या तिन्ही गोष्टी आहेत. माझी मागणी यातल्या पहिल्या दोहोंची आहे.

‘आवाजाची सवय होते’ हा पुढचा मुद्दा. होते, काही आवाजांची. पंख्याची घरघर, पावसाचा आवाज, दुरून येणारी लोकलची धडधड यांच्याकडे मन हळूहळू लक्ष देईनासं होतं. पण मोठ्या, अधूनमधून येणाऱ्या आवाजाचं तसं नाही. न्यू यॉर्कमधल्या एका शाळेच्या इमारतीला खेटून उन्नत रेल्वेमार्ग जात होता. आर्लीन ब्रॉन्झाफ्ट या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७५ साली त्या शाळेतल्या रुळांकडच्या वर्गांची आणि पलीकडच्या शांत बाजूच्या वर्गांची तुलना केली. शाळा एकच, वस्ती एकच. तरी सहावीपर्यंत रुळांकडची मुलं वाचनात जवळजवळ वर्षभराने मागे पडलेली होती. मग रुळांखाली रबर बसवलं गेलं, वर्गांच्या छताला आवाज शोषणाऱ्या फरशा लागल्या, आणि १९८१च्या पाहणीत दोन्ही बाजूंची मुलं बरोबरीला आली होती. तिथे ‘सवय’ झालेली मुलंच तर मागे पडली होती! त्याच शहरात महामार्गावर उभ्या असलेल्या उंच इमारतींमधल्या मुलांची पाहणी १९७३ साली प्रसिद्ध झाली. खालच्या, जास्त आवाजाच्या मजल्यांवर वर्षानुवर्षं राहिलेल्या मुलांना सारखे वाटणारे उच्चार वेगळे ओळखायला जास्त जड जात होतं आणि त्यांचं वाचनही कच्चं होतं. हा तर घरातलाच आवाज झाला. जे. जे. उड्डाणपुलाला खेटलेल्या दुसऱ्या मजल्यावरच्या खिडक्यांच्या आत काय होत असेल, याचा अंदाज करायला वेगळी पाहणी कशाला हवी?

त्याहूनही जास्त आड येतं ते कळणारं बोलणं. वाचताना आपण शब्द मनात उच्चारतो, लक्षात धरतो. त्याच वेळी मालिकेतली सासू ओरडत असेल, भाऊ रील्स बघत असेल, तर ते शब्दही मनात शिरतात आणि वाचलेली ओळ पुसतात. म्हणून बाहेरच्या गोंगाटाविरुद्ध आपण कितीही तक्रार केली, तरी हिशेबात घरातला टीव्ही आणि घरातले फोन आधी धरायला हवेत. ते आपल्या हातात आहेत.

यावर एक शहाणा आक्षेप आहे. मुलं माणसांत शिकतात. बंद खोलीत एकटं बसवलेलं मूल पुस्तकावर डोकं ठेवून झोपतं किंवा मोबाइल उघडतं. आईच्या शेजारी बसून, ती भाजी निवडत असताना मोठ्याने वाचणारं मूल जास्त शिकतं. मला हा आक्षेप जवळपास पूर्ण मान्य आहे. पहिली-दुसरीतल्या मुलाला एकांत देऊ नये. त्याला जवळ बसलेलं, मध्येच मान हलवणारं माणूस हवं आणि पंधरा-वीस मिनिटं पुरतात. पण या आक्षेपातून निघतं काय? अभ्यासाच्या वेळी घरातलं माणूस शांतपणे शेजारी असावं. माणसं असणं आणि गडबड असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भाजी निवडणाऱ्या आईने गणित मोडलेलं नाही कधी. मोडलं ते समोर चालू असलेल्या क्रिकेटने.

मग एका खोलीत हे जमायचं कसं? मुंबईने याचं उत्तर फार पूर्वी दिलेलं आहे, आपण ते विसरलो. गिरणगावात गावकऱ्यांच्या खोल्या होत्या. कोकणातून, घाटावरून आलेले गिरणी कामगार एकेका खोलीत दहा-बाराच्या संख्येने राहत, आणि ते शक्य व्हायचं ते पाळ्यांमुळे. दिवसपाळीचे कामावर गेले की रातपाळीचे येऊन झोपत. सकाळी खोलीत माणूस झोपलेला आहे हे सगळ्या माळ्याला ठाऊक असे, आणि त्या वेळी दाराशी पोरं कल्ला करत नसत. केला तर कुणीतरी मोठं माणूस हटकत असे. त्या जगण्याचं कौतुक करावं असं त्यात काही नव्हतं, ती नाइलाजाची व्यवस्था होती. पण कमावत्या माणसाच्या झोपेसाठी अख्खा माळा आवाज खाली घेत होता. जागा वाटता येत नसेल तर वेळ वाटून घ्यायची, हे या शहराच्या अंगवळणी पडलेलं होतं. झोपेसाठी जे केलं ते मुलाच्या अभ्यासासाठी का करता येऊ नये? त्याच चाळींत परीक्षेच्या दिवसांत शेजारच्या काकू दुपारी नोकरीवर जाताना खोलीची किल्ली देऊन जात, गच्चीची चावी मागितली की मिळे. पुनर्वसनाच्या इमारतींत दारं बंद झाली आणि या किल्ल्या फिरायच्या थांबल्या.

मी गोवंडीत शिकवण्या घेत असे तेव्हा नववीतली एक मुलगी यायची. घर २२५ चौरस फुटांचं. वडील रात्री टॅक्सी चालवायचे, म्हणून दिवसभर पलंगावर झोपलेले. संध्याकाळी ते उठले की आजीच्या मालिका सुरू. ही मुलगी हुशार, पण भूमितीची प्रमेयं दर आठवड्याला विसरायची. तिच्या आईशी बोलल्यावर कळलं की पाणी पहाटे येतं, आई साडेचारला उठते, पिंप आणि कळश्या भरते, म्हणजे घरात दिवा लागलेला असतोच. वडील अजून परतलेले नसतात. मुलगी त्या वेळात ओट्याला पाठ लावून, जमिनीवर वही ठेवून बसू लागली. नळाचा आवाज चालू असायचा, पण तो एकसुरी. त्याचा तिला त्रास नव्हता. संध्याकाळचा तास मात्र आजीमुळे मिळाला. मालिकेचा कालचा भाग दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा लागतो हे नातीने दाखवून दिलं आणि आजीने रात्रीचा भाग सोडला. दुपारी वडील झोपलेले, म्हणून आजी आवाज अगदी बारीक करून, टीव्हीच्या जवळ पाट घेऊन बसायची. त्या म्हाताऱ्या बाईंनी नातीसाठी काय सोडलं, हे ज्यांच्या दिवसात करमणुकीचं तेवढं एकच ठिकाण आहे त्यांना कळेल. मुलीला प्रमेयं येऊ लागली. कुणी टेबल आणलं नव्हतं.

अशी वेळ घराघरात वेगळी निघेल. कुणाकडे पहाट, कुणाकडे दुपारी तीन ते साडेचार, कुणाकडे रात्री जेवणानंतर. ती शोधायची तर घराचा दिवस कागदावर मांडावा लागतो: पाणी केव्हा, कोण कोणत्या पाळीला, कुकर केव्हा लागतो, कोण केव्हा झोपतं. मग दीड तास ठरवायचा, आणि त्या दीड तासात टीव्ही बंद, फोन दाराबाहेर जाऊन बोलायचे, पाहुणा आला तर त्यालाही सांगायचं. मुलाच्या शाळेचा अभ्यास व्हॉट्सअॅपवर येत असेल तर आधी तो वहीत उतरवून घ्यावा आणि फोन मोठ्यांच्या ताब्यात द्यावा. यातलं सगळ्यात कठीण कलम मोठ्यांच्या फोनचं आहे. मुलाला ‘लक्ष दे’ म्हणत स्वतः स्क्रोल करणाऱ्या घरात मूल एवढंच शिकतं की लक्ष देणं ही लहानांना दिलेली शिक्षा असते.

इथे सगळ्यात जड आक्षेप येतो, आणि तो मी हलक्याने घेऊ शकत नाही. तुम्ही गरिबाच्या घराला शिस्त शिकवताय. आई धुणीभांडी करून रात्री आठला येते, बाप बारा तास उभा राहून येतो, त्यांनी घरी येऊन टीव्हीही बघायचा नाही? आणि शांतता राखायचं काम शेवटी कुणावर पडणार? बाईवरच. सगळ्यांना गप्प करणारी, धाकट्याला बाहेर घेऊन जाणारी, आवाज न करता भांडी घासणारी तीच. हे अगदी खरं आहे. मार्च २०२०मध्ये शाळा बंद झाल्या आणि मुंबईत पहिली ते सातवीचे वर्ग डिसेंबर २०२१मध्ये उघडले. त्या काळात घरालाच शाळा व्हावं लागलं, तेव्हा एका फोनवर तीन भावंडांचे वर्ग कसे चालले आणि त्यासाठी आयांनी काय काय केलं, ते आपण पाहिलं आहे. म्हणूनच माझं म्हणणं घरापाशी थांबत नाही. घराने दीड तास द्यावा, त्यात बापाचा वाटा आईइतकाच असावा, धाकट्याला खाली घेऊन जायचं काम त्याने करावं. पण ज्या घरात हे शक्यच नाही, तिथे घराला दोष देऊन कुणाची सुटका होत नाही. तिथे शहराने पुढे यायला हवं.

‘घरातल्या अभ्यासाशी महापालिकेचा काय संबंध?’ असं विचारणाऱ्यांनी १८९६ आठवावं. प्लेगची साथ येईपर्यंत गरिबाच्या खोलीत हवा आणि उजेड येतो की नाही, हा त्याचा खासगी प्रश्न समजला जात होता. साथीने माणसं मेली, शहर ओस पडू लागलं, आणि १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. रस्ते रुंद झाले, बीआयटी चाळी उभ्या राहिल्या. ट्रस्टने जितकी घरं पाडली तितकी बांधली नाहीत, हा त्याच्यावरचा आरोप मला ठाऊक आहे आणि तो रास्त आहे. पण एक गोष्ट तेव्हापासून बदलली: खोलीतली हवा आणि उजेड हा नगररचनेचा विषय झाला, खिडकीचं माप नियमांत आलं. मग मुलाच्या वाट्याची शांतता त्याच नियमांत का नसावी?

आजचे नियम काय सांगतात? २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५. रात्र म्हणजे दहा ते सहा. शाळा, रुग्णालयं, न्यायालयं यांच्याभोवतीचा १०० मीटरपर्यंतचा भाग सरकारला शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. आता मुलाचा दिवस पाहा. संध्याकाळी सात ते दहा ते घरी अभ्यासाला बसतं. त्या वेळी त्याची शाळा बंद असते आणि तिच्याभोवती शांतता क्षेत्र असू शकतं. मूल जिथे बसलं आहे तिथे मात्र परवाना असलेला लाउडस्पीकर लावता येतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये हळदीचे कार्यक्रम, वाढदिवसांचे डीजे, इमारतींच्या पायलिंगचे घण, सगळं याच तीन तासांत. सणांचा मुद्दा मी वाढवत नाही. गणपतीचे दहा दिवस मुलं स्वतःच मांडवात असतात आणि असावीत. पण परीक्षेच्या दोन महिन्यांत संध्याकाळी सातनंतर निवासी गल्लीत ध्वनिक्षेपकाला परवानगी नाही, एवढा नियम करायला कुणाची संस्कृती आडवी येते?

आणि जागा? वरळीत सुदाम काळू अहिरे मार्गाला लोक अभ्यास गल्ली म्हणतात. बीडीडी चाळींतली आणि आसपासची मुलं पिढ्यान्‌पिढ्या तिथे रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करत आली. अलीकडे महापालिकेने तिथे बसायची सोय आणि चांगला उजेड केला, ते चांगलंच केलं. रस्त्याच्या दिव्याचं उदाहरण देणाऱ्यांना मी विचारते, त्या गल्लीत रात्री अकराला वही घेऊन बसलेल्यांत मुली किती असायच्या? घरात जागा नसलेला मुलगा गल्लीत, गच्चीवर, स्टेशनच्या बाकावर जाऊ शकतो. त्याच्या बहिणीला ते दार उघडं नाही. ती घरात आणि बरोबर घरकामही. म्हणजे ‘रस्त्यावर शिकलो’ ही गोष्ट सांगतानाच आपण निम्मी मुलं वगळलेली असतात. मुलीला उजेड असलेली, छत असलेली, स्वच्छतागृह असलेली, घरापासून पाच मिनिटांवरची जागा हवी.

अशा जागा बांधाव्या लागणार नाहीत, त्या उभ्या आहेत. महापालिकेच्या शेकडो शाळा इमारती शहराच्या कानाकोपऱ्यांत, वस्त्यांच्या अगदी मध्यात आहेत. दुपारची पाळी सुटली की त्यांतले बहुतेक वर्ग सकाळपर्यंत रिकामे. पंखे आहेत, बाकं आहेत, रखवालदार आहेच. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं असं म्हटलेलं आहे. ते ग्रंथालय शाळा सुटल्यावर उघडं ठेवलं तर कायद्याचा अर्थही जरा खरा होईल. पुनर्वसनाच्या इमारतींत बालवाडीसाठी आणि कल्याण केंद्रासाठी जागा ठेवावीच लागते. त्यांतल्या कितीतरी खोल्यांना कुलूप असतं किंवा आत कुणाचं तरी सामान असतं. टॉवरमध्ये फिटनेस सेंटरला चटई क्षेत्राच्या, म्हणजे मंजूर बांधकामाच्या, हिशेबाबाहेर जागा मिळते, मग अभ्यासिकेला प्रत्येक सोसायटीत ती सक्तीची का नसावी? आणि मंडळं. या शहरात गल्लीगल्लीत मंडळाची खोली आहे. काही मंडळं वर्षभर अभ्यासिका चालवतात आणि तिथून मुलं स्पर्धा परीक्षांना बसतात, नोकरीला लागतात. बाकीच्या खोल्यांत वर्षभर मखराचं सामान.

‘अभ्यासिका उघडल्या की टवाळ पोरांचे अड्डे होतात’ असं मला ऐकवलं जातं. होतात, जिथे कुणी मोठं माणूस बसत नाही तिथे. दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८पासून चाललं आहे. आत शांत बसायचं असतं हे तिथे येणाऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही, कारण टेबलाशी कुणीतरी जबाबदार बसलेलं असतं. प्रत्येक शाळेच्या अभ्यासिकेत एक निवृत्त शिक्षक किंवा शिक्षिका मानधनावर बसवावी. माझ्या ओळखीतल्या कितीतरी बाई निवृत्तीनंतर आनंदाने येतील.

तेव्हा मागणी नेमकी काय, ते लिहून देते. प्रत्येक वॉर्डाने आपल्या हद्दीतल्या शाळांमध्ये संध्याकाळी सातला रिकामे असलेले वर्ग किती, याची यादी जाहीर करावी. प्रत्येक शाळेत दोन वर्ग सात ते साडेनऊ उघडावेत, त्यांतला एक फक्त मुलींसाठी. स्वच्छतागृह उघडं असावं, पिण्याचं पाणी असावं, शाळेच्या फाटकापासून वस्तीच्या तोंडापर्यंतचे दिवे चालू आहेत की नाहीत हे दर आठवड्याला पाहणारं कुणीतरी नेमलेलं असावं. पहिली ते चौथीच्या मुलांबरोबर घरातलं एक मोठं माणूस बसू शकेल. आणि हे नोव्हेंबरात सुरू व्हावं, कारण फेब्रुवारीत उघडलेली अभ्यासिका दहावीच्या मुलीला त्या वर्षी काहीच उपयोगाची नसते.